आवाज क्रमांक सतरा

गुरुवार, दि. ९ नोव्हेंबर २०२३. सकाळी मुलगी आली, दुपारी जेवून गेली. कपडे धुवायला लावायचे राहिले आहेत. संध्याकाळी साक्षीदार येतील, त्याआधी हे स्वच्छ अक्षरात उतरवत आहे.

मी, वय वर्षे एकाहत्तर, धंद्यात ‘खर्ज’ या टोपणनावाने ओळखला जाणारा, व्हिडिओ गेमच्या संगीतासाठी सिंथेसायझरवर आवाज तयार करणारा व बेस गिटार वाजवणारा, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डावा कान गेला आहे, पण त्याने मृत्युपत्राला बाध येत नाही असे वकीलबाई म्हणाल्या. आधीचा मसुदा रद्द समजावा.

१. राहते घर आणि बँकेतली शिल्लक मुलीला. घर ती विकेल, विकावेच. मागच्या खोलीच्या भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवले आहेत, ते खरवडावे लागतील. त्यांनी आवाज अडत नाही, हे मला चिकटवून झाल्यावर कळले.

२. बेस गिटार आमच्या जुन्या हॉटेल-बँडच्या ड्रमरला. त्याला ती वाजवता येत नाही. पण बँड मोडल्यावर गेमच्या कंपनीत मला त्यानेच नेले. तिथे नवा सिंथेसायझर येऊन पडला होता आणि त्याचे जाडजूड माहितीपुस्तक कोणी उघडत नव्हते. “हा वाचेल साहेब, याला दुसरा उद्योग नाही,” असे तो म्हणाला. मला नोकरी लागली.

३. कपाटावरचा लहान स्पीकर आमच्या मुख्य संगीतकारांना. ते हयात आहेत. ते सुरावट लिहीत, ती कोणत्या आवाजात वाजायची ते मी ठरवी, आणि खाली बेस वाजवी. त्या काळच्या टीव्हीतून खालचे सूर बाहेर येतच नसत. “खर्ज, तू काय वाजवतोस ते तू जाणे आणि देव जाणे,” असे ते चारचौघांत म्हणत. खोटे नव्हते. मी आयुष्यभर वाजवलेले बहुतेक कोणी ऐकलेले नाही. त्यांनी या स्पीकरवर ऐकून खात्री करून घ्यावी.

४. कपडे धुण्याचे यंत्र तळमजल्यावरच्या परिचारिकाबाईंना. त्या साक्षीदारही आहेत, पण वकीलबाई म्हणाल्या, चालते. कंपनीने पुढे खऱ्या वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण सुरू केले आणि आम्हाला घरी बसवले. मग मी घरगुती यंत्रांसाठी आवाज केले. कपडे धुऊन झाले की वाजतात ते तीन सूर माझे आहेत. माझ्या कामातले आज चालू आहे ते एवढेच.

५. राहिला सिंथेसायझर. कंपनीने मोडीत काढला तेव्हा मी घरी आणला. त्याआधीही सुट्टीच्या दिवशी तो घरी आणून काम करत असे. एका गेममध्ये नावाडी बुडाला की खेळणारा हरतो, त्या क्षणाचा आवाज मला जमत नव्हता. पत्नी शेजारच्या खोलीत शिवत बसलेली असे. ती हातातले कापड तसेच घेऊन आत आली. “अहो, हा माणूस बुडतोय की शिंकतोय?” म्हणाली. मग एकेक पट्टी सरकवून बघत बसली. बऱ्याच वेळाने म्हणाली, “हं, असा. आता गेला बिचारा.” मी तो सतराव्या जागी साठवला.

संगीतकारांनी ऐकून विचारले, “हे तुझ्या हातचं नाही. कुणी केलं?” मी म्हणालो, “बायकोनं.” ते म्हणाले, “बरं, बोलू नकोस कुठे.” गेमच्या शेवटी नावे येत, त्यांत तिचे आले नाही. तिने कधी विचारले नाही.

ती गेली त्याच वर्षी यंत्राच्या पडद्यावर आतली बॅटरी संपल्याची सूचना आली. बॅटरी नसली की वीज जाताच साठवलेले सगळे पुसले जाते. आवाज बाहेर काढून ठेवायची सोय आधीच बिघडली होती, आणि दुरुस्तीवाला म्हणाला, उघडायचे तर वीज तोडावी लागेल. टेपवर त्याचा एखादा सूर उतरतो, पण तिने बसवलेला आवाज पुन्हा वाजवता येत नाही. म्हणून तेव्हापासून यंत्र बंद केलेले नाही. वीज गेली तर भिंतीत पक्का बसवलेला इन्व्हर्टर आहे.

मसुद्यात मी ते मुलीला दिले होते, चालू ठेवण्याच्या अटीवर. आज तिने वाचले.

“बाबा, घर विकलं की मीटर बंद. हे काय हवेवर चालवू?”

“तुझ्याकडे ने.”

“नेताना वीज तुटणारच ना?” मसुदा तिने घडी करून माझ्यापुढे ठेवला. “आईचं सगळं मीच आवरलं. साड्या, औषधं, सगळं. आता हे बंद करायलाही मलाच लावू नका.”

म्हणून ती अट काढली आहे. यंत्र मी स्वतः बंद करीन. नंतर ते कोणी नेले किंवा भंगारात दिले तरी हरकत नाही.

६. मला पोचवताना कोणतेही संगीत लावू नये.

वरील मजकूर मी वाचला, तो माझ्या म्हणण्याप्रमाणे आहे.

सही : खर्ज (खरे नाव वकीलबाईंकडील प्रतीत आहे)
साक्षीदार : १. समोरचे घड्याळवाले, सही. २. तळमजल्यावरच्या परिचारिकाबाई, सही.
स्थळ : राहते घर. दिनांक : वरीलप्रमाणे.

सह्यांनंतरची नोंद : घड्याळवाले जाताना म्हणाले, “एवढी कसली घाई? तुम्ही आम्हाला पोचवून मग जाल.” दोघे गेल्यावर कपडे धुवायला लावले. मागच्या खोलीत जाऊन सिंथेसायझरवर सतरा नंबर एकदा वाजवला आणि तो बंद केला. पडद्याचा उजेड गेल्यावर खोलीतला दिवा लावावा लागला. तो या खोलीत बरीच वर्षे लावला नव्हता.

थोड्या वेळाने बाहेर तीन सूर वाजले. मी जाऊन कपडे काढले आणि वाळत घातले.