शिवणीत अडकलेली हत्तीण

ती. आईस,

माझे गुडघे संपावर आहेत, म्हणून बसल्या जागेवरूनच नमस्कार. बाकी मजेत. जेवते वेळेवर, तू विचारणारच.

नव्या पुस्तकात हत्तींचं कुटुंब जेवायला बसलंय. आजी हत्तीण तुझ्यावरून काढली. रागावू नकोस, फक्त कान घेतलेत, शेजारच्या घरातलंही ऐकणारे. डाव्या पानावर दादा, उजव्या पानावर मी आणि बरोबर मधोमध तू.

नमुना छापून आला तर तू गायब! अर्धं तोंड पुस्तकाच्या शिवणीत गेलेलं. एवढी वर्षं चित्रं काढून नवशिक्यासारखी चूक! संपादकबाई म्हणाल्या, "अहो, आजीला कुठल्यातरी एका पानावर सरकवा की. मधे ठेवून तिचे हाल कशाला?"

दादा आणि मी फोनवर वर्षभर हेच तर करतोय, आई. तू कुणाकडे राहायचं यावर भांडतोय, आणि तुला कुणी विचारलेलंच नाही.

मी तुला दादाच्या पानावर बसवलंय. तिथे तुझ्या मैत्रिणी आहेत, माझ्याकडे नुसता जिना. सोंड मात्र शिवण ओलांडून थेट माझ्या ताटात आणलीय. संपादकबाईंना ती फार लांब वाटते. म्हटलं, "तुम्ही आमच्या आईला ओळखत नाही."

दादाला सांग, भांडण मिटलं. त्याचं पोट जरा मोठं काढलंय, ते सांगू नकोस.

आणि तुला पान बदलायचं असेल तर लगेच कळव. रंग अजून ओला आहे.

तुझी,
उजव्या पानावरची धाकटी