महिपतीच्या कमरेचा पट्टा

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर, ता. ३ फेब्रुवारी १९७७

चि. सौ. केराबाईस मुक्ताबाईचे अ. उ. आ. वि. वि.

गुंडाभावजी आमच्याकडं सुखरूप पोचले. तुझी तिळाची चटणी मिळाली. कुवेतला बांधकामावर न्यायच्या आधी कंपनीनं पंधरा दिवसांची शाळा घातली आहे, उंचावर जपून काम कसं करायचं याची. एका अर्धवट गोदामाच्या तिसऱ्या मजल्यावर ती भरते. शिवलिंगप्पा मास्तर जन्मात शिडी चढलेले नाहीत. ते खाली लिंबाच्या सावलीत खुर्ची टाकून वहीतला धडा मोठ्यानं वाचतात आणि चोवीस गवंडी वरून माना खाली घालून ऐकतात.

खरं तर तेवीसच. माढ्याचा महिपती आलाच नाही, आणि हजेरी पुरी झाल्याशिवाय धडा सुरू करायचा नाही असा नियम. कमरेचा पट्टा न बांधता पडलं तर काय होतं ते दाखवायला एक गोणपाटाचा बाहुला हवाच होता. तो मी शिवून दिला. आत गिरणीतला टाकाऊ कापूस, अंगात भावजींचा जुना सदरा. नवं कापड कशाला फुकट घालवायचं? त्यालाच महिपती म्हणून हजेरीत बसवला आणि घोटाळा तिथंच झाला. नाव ठेवलेल्याला वरून ढकललं तर पाप लागेल, असं सगळे म्हणू लागले. आता रोज सकाळी महिपतीच्या कमरेला पट्टा आवळून त्याचा दोर खांबाला बांधतात आणि स्वतःचे पट्टे खिळ्याला टांगून कामाला लागतात. मी भावजींना बोलले, तर म्हणाले, वहिनी, दावं बैलाला बांधतात, गवंड्याला नाही.

पुढच्या शनिवारी परीक्षा आहे. मुंबईहून साहेब येणार. मी सोमवार धरले आहेत.

माया आहे तशी राहू दे. कागदाला पैसे पडतात, तेव्हा कोपरेसुद्धा भरून लिही.

तुझी जाऊ,
मुक्ताबाई

॥ बिरोबाच्या नावानं चांगभलं ॥

सांगोला, ता. ७ फेब्रुवारी

ती. सौ. आक्कास धाकट्या जावेचा शि. सा. न. वि. वि.

चौथीच शिकलेली हाय, चूकभूल पोटात घाला. महिपतीची लई काळजी घेत्यात हे वाचून बरं वाटलं. माज्या मालकाची बी कुणी घेतंय का, तेवढं कळवा.

त्यांना म्हणावं, तुमचा चुलता हिरीचं बांधकाम करताना पाय सटकून गेला, तवा त्यो बी ह्येच बोलला हुता, दावं बैलाला म्हणून. त्याच्या माघारी बैल सात वर्सं जगला की.

कुवेतला मी व्हय म्हनले ते मालक परत येत्याल म्हणून. पट्टा न्हाय तर जाणं न्हाय. पासपोर्ट पेटीत हाय आन पेटीची किल्ली माज्या कमरंला हाय.

आन आक्का, पडायच्या बाहुल्याला मालकाचा सदरा घातलासा, ते काय मला पटलं न्हाय. सदरा निळा का चौकड्याचा? चौकड्याचा असंल तर काडून घ्या, लग्नातला हाय.

चार कोपरे भरले. लोभ हाय त्यो पातळ हू देऊ नका.

केराबाई

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर, ता. १४ फेब्रुवारी

चि. सौ. केराबाईस अ. उ. आ. वि. वि.

सदरा चौकड्याचाच होता. काढून धुऊन ठेवला आहे, पण एक बाही फाटली. का फाटली ते वाचण्याआधी खाली बस. भावजी धडधाकट आहेत.

शनिवारी साहेबांनी हुकूम सोडला, बाहुला ढकला. पट्टा बांधलेला महिपती पडणार कसा? साहेब म्हणाले, पट्टा सोडा. पाप कोण घेणार, कुणी पुढं होईना. शेवटी भावजी गेले, स्वतःचा पट्टा खिळ्यावर तसाच ठेवून. महिपतीचा पट्टा सोडायला कडेला वाकले, तोच महिपती कलंडला, त्याला सावरायला गेले आणि दोघंही बाहेर. भावजींनी त्याच्या गळ्याला मिठी मारली. महिपतीचा पट्टा पक्का होता म्हणून दोघं अधांतरी लोंबकळत राहिले.

लटकलेल्या माणसाला कसं उतरवायचं हा धडा चौदावा, आणि मास्तर पोचले होते अकराव्यापर्यंत. मधले धडे गाळायला ते तयार होईनात. बारावा विस्तवाचा, तेरावा परमुलखात पाणी किती प्यावं याचा. दोन्ही पुरे वाचले आणि वरची बावीस माणसं, केरा, दोर हातात धरून शांतपणे ऐकत उभी राहिली. मी डबा घेऊन खाली उभी. माझ्या हातच्या शिवणीवर माझ्या दिराचा जीव टांगलेला. सगळीकडं काटकसर करते, पण त्या दिवशी शिवताना दोरा वाचवला नव्हता ही सिद्धेश्वराचीच बुद्धी. मग चौदावा वाचून झाला तेव्हा दोघांना खाली उतरवलं.

निकाल असा की महिपती पास. पट्टा नीट बांधलेला तो एकटाच, असं साहेबांनी दाखल्यावर लिहिलं. भावजी नापास. आज त्यांना पुन्हा बसवलं, तेव्हा पास झाले. मात्र आता पट्टा ते जेवतानाही सोडत नाहीत.

उद्याच्या गाडीनं पाठवते. किल्ली द्यायची की नाही ते तू ठरव. जीव लावला आहेस, तसाच लावत जा.

मुक्ताबाई

॥ बिरोबाच्या नावानं चांगभलं ॥

सांगोला, ता. २६ फेब्रुवारी

ती. सौ. आक्कास शि. सा. न. वि. वि.

मालक आले, पर मी दोन दिस किल्लीचं नाव काडलं न्हाय. त्यांनी बी मागितली न्हाय. तिसऱ्या दिशी वाऱ्यानं घराचा पत्रा उचकटला, तर दगडं ठेवायला वर चडले. आदी कमरंला कासरा बांदला. मग दुसरं टोक कशाला बांदावं म्हणून हिकडं तिकडं बघितलं. शेळ्यांचा खुटा कुजका, झाड लांब. लई येळ इचार केला आन टोक माज्या हातात दिलं. सोडू नगं म्हनले.

आक्का, मी चुलीवर भाकर टाकून आलते. तिचा कोळसा झाला, धूर घरभर झाला, शेजारच्या रंभाबाई घर पेटलं म्हणून वरडत आल्या. मी काय हलले न्हाय. मालक वरनं बघत हुते. खाली आल्यावर मी किल्ली दिली.

काल यस्टीत बसून मुंबईला गेले. कुवेतला टोक लोखंडाला बांदत्यात म्हनले, काळजी करू नगं. लोखंडाला काय, आक्का, त्याला भाकर करपायचं कुटं भ्या हाय. त्ये धरून ठेवंल.

कासऱ्यानं हाताची सालं निगाल्यात, म्हणून अक्षर वाकडं. मनातनं उतरू देऊ नका.

केराबाई