सलगमाच्या नावाचा मॅनेजर

रविवार, ५ फेब्रुवारी १९७८

झाला एकदाचा आजचा रेडिओवरचा कार्यक्रम. पाचच मिनिटं, पण पाच मैल चालून आल्यासारखा घरी आलो. घसा बसलेला, गुडघे बोलतायत.

बेसबॉलच्या जुन्या मॅनेजरांची विचित्र नावं — हा चौथा रविवार. ऑरेंज स्टिकनी झाला. (आईबापांनी पोराचं नाव संत्रं ठेवलं म्हणून लोक हसले. खरं तर ते एका राजघराण्यावरून आलेलं, पण ते सांगायला गेलं की कोणी हसत नाही.) फिलँडर मॉक्सली झाला. एबेनेझर क्लॅपसॅडल — खोगिरावर थाप! — तोही झाला. आज आपल्याच गावचा, झीनास टर्निपसीड. सलगमाचं बी! १८९४ साली ॲल्डरकिलच्या टीमचा मॅनेजर. एकोणीस सामने, सतरा हरला, आणि ऑगस्टमध्ये टीमला सॅमन फॉल्सच्या स्टेशनवर उभी सोडून पळाला. मी म्हटलं, "सलगम पेरलं की सलगमच उगवणार, मंडळी!"

रेडिओवाला डेल काचेपलीकडे टेबल बडवून हसत होता.

बायको विल्मा हसली नाही. म्हणाली, "मेलेल्या माणसाला किती मारशील रे?"

मंगळवार, ७ फेब्रुवारी

बर्फ. सगळं बंद. दाराबाहेर छातीएवढा ढीग. फावडं उचललं आणि परत ठेवलं.

शनिवार, ११ फेब्रुवारी

आज टपाल आलं. एक पाकीट रेडिओच्या पत्त्यावरून डेलने पुढे धाडलेलं. आत निळ्या शाईतलं शाळेतल्या फळ्यासारखं अक्षर. चारच ओळी.

"झीनास टर्निपसीड माझे वडील. नावाला हसलात, त्याचं काही नाही, मी एकेचाळीस वर्षं शाळेत शिकवलंय, रोज हसणं ऐकलंय. पण ते पळाले नाहीत. घरी आले. दुरुस्त करा. — मिस अडेलिया टर्निपसीड."

खाली जिल्ह्याच्या वृद्धाश्रमाचा पत्ता.

मी चाळीस वर्षं वर्तमानपत्रात मुद्रितं तपासली. दुसऱ्यांच्या चुकांवर तांबडी पेन्सिल फिरवून पोट भरलं. आता कोणी माझ्यावर फिरवली की सोसत नाही. वयाच्या सत्तराव्या वर्षीसुद्धा!

रविवार, १२ फेब्रुवारी

दुसऱ्याच मॅनेजरबद्दल बोललो. टर्निपसीडचं नाव काढलं नाही. घरी येताना स्वतःचीच लाज वाटली.

विल्मा गाडी चालवत होती. माझे डोळे अधू झाल्यापासून तीच चालवते. म्हणाली, "ती बाई रेडिओला कान लावून बसली असेल."

मी म्हटलं, "माहितीये."

"मग?"

मग काय. दमलो मी. या मेलेल्या मॅनेजरांचाच कंटाळा आलाय. महिनाअखेरीस कार्यक्रम बंद करतो असं डेलला सांगून टाकलं. तो म्हणाला, "शेवटचा झकास करा, मिस्टर व्हॅन एप्स!" झकास म्हणे.

गुरुवार, १६ फेब्रुवारी

गेलो. विल्माने दारात सोडलं आणि म्हणाली, "मी गाडीत विणत बसते. माफी एकट्याने मागावी."

अडेलिया टर्निपसीड अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या. खुर्चीत अशा ताठ बसलेल्या की माझाच पाठीचा कणा सरळ झाला. मला नीट न्याहाळून म्हणाल्या, "आवाजावरून म्हातारा वाटला होतास. तू तर अजून पोरसवदा."

मी माफी मागितली. त्यांनी माशी हाकलावी तशी ती हाताने झटकून टाकली.

"असली नावं आणखी किती आहेत तुझ्याकडे?"

"एकसष्ट."

"सांग एखादं."

"एबेनेझर क्लॅपसॅडल."

त्यांनी ओठ दाबून धरले. खांदे हलायला लागले. मग सुटल्याच! "अगं बाई, क्लॅपसॅडल!" डोळे पुसत राहिल्या. "बाबांना हसलास तेव्हा इतका राग आला होता मला. आणि बघ, मीही तसलीच. शाळेत पोरं पाठीमागून 'सलगमबाई' म्हणायची. एकदा लग्न करून नाव बदलायची संधी आली होती. त्याचं आडनाव हॉग. म्हटलं, सलगम सोडून डुक्कर कशाला व्हा!"

मीही हसलो. कितीतरी दिवसांनी.

मग त्यांनी सांगितलं. मोठी बहीण लव्हिना, सात वर्षांची. घटसर्प. त्या स्वतः पाच वर्षांच्या. आईने त्यांना शेजारणीकडे ठेवलं होतं. "जुलैच्या शेवटच्या दिवशी लव्हिना गेली. बाबा आले ते त्यानंतर आठवडा उलटल्यावर. अंगात टीमचा कोट. अंगणातच उभे राहिले. आई बाहेर गेली नाही. मीच गेले." पुढे म्हणाल्या, "ते पुन्हा कधी मैदानावर गेले नाहीत. लाकडाच्या वखारीत कारकुनी केली. गावात लोक म्हणायचे, हाच तो पळपुटा. ते मान हलवायचे, जणू हवापाण्याच्याच गप्पा."

मी विचारलं, "पण आठवडा कसा लागला? तार केली नव्हती का?"

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

"तुझी कॉफी निवतेय," म्हणाल्या.

मी पुढे विचारलं नाही. पाच वर्षांच्या पोरीला तारेचं काय ठाऊक असणार?

निघताना म्हणाल्या, "पळाले नाहीत एवढंच सांग. जास्त काही नको."

मंगळवार, २१ फेब्रुवारी

वाचनालय. जुन्या पेपरांच्या फिल्मचं चाक फिरवून फिरवून मनगट गेलं. दिव्यासमोर डोळ्यांना धारा. काही नाही.

बुधवार, २२ फेब्रुवारी

सापडलं!

सॅमन फॉल्सचा पेपर, १० ऑगस्ट १८९४. इतकं बारीक अक्षर की भिंग लावून तीनदा वाचलं. ॲल्डरकिलचे मॅनेजर टर्निपसीड स्टेशनवर बाकावर बसले होते. हातात एक तार. ती वाचून त्यांचा चेहरा पांढरा पडला असं हमालाने सांगितलं. टीमची गाडी यायची होती; ते उठून समोरच्या फलाटावर गेले आणि उलट्या दिशेच्या गाडीत बसले. तारेवरची तारीख २९ जुलै. म्हणजे दहा दिवसांची शिळी! आणि शेवटचं वाक्य: क्लबचे अध्यक्ष हार्कनेस यांनी दौरा बिघडू नये म्हणून ती दडवून ठेवली होती असं म्हणतात.

मी खुर्चीत मागे टेकलो. दहा दिवस! पोरगी गेली, पुरली, आणि बाप हॉटेलांच्या खोल्या ठरवत, गाड्यांची तिकिटं काढत, रोज संध्याकाळी शिव्या खात हिंडतोय — काही ठाऊक नसताना! मग सामन्यांचे निकाल पाहिले. त्याने जे दोन सामने जिंकले ना, ते दोन्ही त्याच दहा दिवसांतले.

वाचनालयाच्या बाईंनी विचारलं, "बरं वाटतंय ना तुम्हाला?"

शनिवार, २५ फेब्रुवारी

विल्माला उद्याचा मजकूर वाचून दाखवला. ती बटाटे सोलत होती. संपल्यावर सुरी ठेवली.

"'असं म्हणतात' म्हणजे कोण म्हणतं?"

"पेपर म्हणतो."

"पेपर म्हणतो की लोक म्हणतात. तूच ना रे सांगायचास, एकाच तोंडची गोष्ट छापू नये म्हणून? पेपरातल्या नव्या पोरांना घरी जेवायला आणून तेच ऐकवायचास, ताटातला मीटलोफ गार होईस्तोवर!"

"चौऱ्याऐंशी वर्षं झाली, विल्मा. दुसरं तोंड कुठून आणू?"

"मग तेवढं वाक्य गाळ. बाई काय म्हणाली? पळाला नाही एवढंच सांग."

"पण तो का गेला ते सांगितल्याशिवाय कोण विश्वास ठेवेल?"

तिने सुरी उचलली. पुन्हा बटाटे.

तिचं बरोबर आहे, हे मला कळतं. पण मी थकलोय. एकदाच, शेवटचं, एखाद्या माणसाचं काहीतरी भलं करून गप्प बसावं असं वाटतंय. वाक्य ठेवलं. फक्त "असं म्हणतात" काढलं — ऐकायला लटपटतं.

रविवार, २६ फेब्रुवारी

बोललो. या वेळी कोणी हसलं नाही. डेल काचेपलीकडे चष्मा पुसत होता. झीनास टर्निपसीडचं नाव मी तीनदा घेतलं, सावकाश, पूर्ण. मग श्रोत्यांचा निरोप घेतला.

घरी पोचेपर्यंत फोन सुरू. चर्चमधल्या दोघी रडल्या म्हणे. एक म्हातारा ओरडत होता, "त्या हार्कनेसला थडग्यातून काढून जाब विचारला पाहिजे!"

खूप दिवसांनी दुपारी गाढ झोपलो.

मंगळवार, २८ फेब्रुवारी

मागच्या पायरीची फळी निखळलीय. खिळे आणायला रॉय हार्कनेसच्या दुकानात गेलो. नाव डोक्यातच आलं नाही, दारात पोचेपर्यंत! पाटीवर मोठं लिहिलंय, तीस वर्षं वाचतोय.

काउंटरपाशी दोघंतिघं उभे होते. एक म्हणाला, "काय रॉय, आजोबांच्या तारा अजून आहेत का माळ्यावर?" बाकीचे खिदळले. रॉयने ऐकलं न ऐकलं केलं. पन्नाशीचा माणूस, कान लाल झाले होते. मला पाहून ते लोक म्हणाले, "शाब्बास, व्हॅन एप्स!" आणि पाठीवर थाप मारली. मला नको होती ती थाप.

रॉयने खिळे वजन करून दिले. नेहमी वर एक मूठ टाकतो आणि म्हणतो, "वाकडे निघाले तर." आज टाकली नाही.

मी म्हटलं, "रॉय, ते मी—"

"माझ्या आईला शाळेत सलगमबाई शिकवायला होत्या," तो म्हणाला. "आजोबा दर नाताळला त्यांच्या घरी लाकडं पाठवायचे. का पाठवायचे ते आम्हाला कधी कळलं नाही. आता कळलं म्हणायचं." पुडी पुढे सरकवली. "आणखी काही?"

"नको."

पायरी तशीच राहिली. बसलोच नाही ठोकायला.

बुधवार, १ मार्च

बर्फ वितळतंय, सगळीकडे चिखल. विल्मा दोनदा विचारून गेली, काय झालं. सांगितलं. ती "बघ, मी म्हटलं नव्हतं?" असं म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

गुरुवार, २ मार्च

निळ्या शाईचं पत्र.

"तार वेळेवर पोचली होती. त्याच दिवशी, हॉटेलच्या माणसाने बाबांच्या हातात दिली. त्यांनी ती फोडलीच नाही. दहा दिवस खिशात घालून फिरले. लव्हिना आजारी आहे हे त्यांना घर सोडतानाच माहीत होतं. मरताना मला सांगून गेले — 'फोडली नाही तोवर ती बरी होती, डेलिया.' हार्कनेसना हे ठाऊक होतं. पेपराने त्यांच्यावर आळ घेतला, तरी ते बाबांसाठी गप्प राहिले. तू तारेचं विचारलंस तेव्हा मी बोलले नाही, ती माझी चूक. पण तू आणखी का बोललास?"

विल्माला वाचून दाखवलं. मग डेलला फोन केला, दुरुस्तीसाठी रविवारी पाच मिनिटं मागितली. तो म्हणाला, "पण तुम्ही तर संपवलंत ना?"

आधी रॉयकडे जायचंय. विल्मा म्हणाली, "कोट घाल. मी गाडी काढते."