वेचणीची गाडी

लक्ष्मणराव, नमस्कार.

तुमच्या शेतावरचा चहा परब्रह्मासारखा निर्गुण असतो. साखर श्रद्धेनंच अनुभवावी लागते. हीच गंभीर तक्रार करायला बसलो होतो.

कापूस वेचायला मी आंजीहून बाया आणतो. तुम्ही बाईमागे पैसे देता. गाडीभाडं माझ्याच वाट्यातून जातं. म्हणून सगळ्यांना एकाच गाडीत कोंबतो. काल म्हणालो, "सरका जरा." मागच्या दाराशी बसलेली माझी बायको कमला, परब्रह्माच्या असल्या गप्पांमुळे मला गुरुजी म्हणणारी, म्हणाली, "आता कुठी सरकू, गुरुजी? रस्त्यावर?" बाया हसल्या. मीही हसलो.

भाडं वेगळं मागितलं तर तुम्ही दुसरा ठेकेदार बघाल, म्हणून हे पत्र पाठवणार नाही. गाडीचं दार लागत नाही. कमला तेच धरून बसते. ती पडेल या भीतीनं तुमचं वडनेर येईपर्यंत मी मागे वळून पाहत नाही.

तुमचा ठेकेदार,
बापूराव