‘ने’ म्हणजे नेमकं काय

ती. ताईस,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (गुडघे दुखतात म्हणून अलगद ठेवलं आहे.) भावजींचा खोकला कमी झाला, की अजून वर्तमानपत्र उघडलं की सुरू होतो? मी बरा आहे. मागच्या महिन्यात नव्हतो, तेच सांगायला हे पत्र.

आमच्या पुस्तकबांधणीच्या कारखान्यात शिलाईला एक ग्रीक बाई आहे, हे तुला मागे लिहिलं होतं. (तीनदा, असं तू म्हणशील.) तिच्या स्टुलाचा एक पाय आखूड होता, खाली पुठ्ठा सारून ती दिवसभर पुस्तकं शिवायची. मला बघवेना. तीन रविवार खपून मी नवं स्टूल केलं, वर गादी मारली आणि जुनं स्वतःच्या हाताने मोडून टाकलं. सोमवारी काम सुटल्यावर नवं तिच्यापुढे ठेवलं आणि आमच्या कारखान्याच्या मोडक्यातोडक्या भाषेत (जिच्यात आजवर फक्त ‘गोंद आण’ आणि ‘दोरा तोड’ एवढंच बोललो होतो) विचारलं, माझ्याशी लग्न करशील का.

ती लाल झाली. स्टुलावर हात ठेवून हळूच म्हणाली, “ने.”

आता ताई, आपल्या घरात कुणी ‘ने’ म्हटलं तर आपण काय करतो? नेतो. मी स्टूल उचललं आणि निघालो. दारात कटिंग मशीनवरचा झेक माणूस भेटला. काय झालं ते सांगितल्यावर त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, आमच्यात ‘ने’ म्हणजे सरळ ‘नाही’. एकदम दोन भाषांतून आलेला नकार घेऊन मी बस पकडली. बसमध्ये जागा नव्हती, पण माझी बसायची सोय होती.

पुढचे आठ दिवस ती उभ्याने शिवत होती. जुनं स्टूल मोडलेलं, नवं माझ्या खोलीत. माझ्याकडे बघायची नाही, आणि बघायची तेव्हा बघितलं नसतं तर बरं, असं बघायची. मला कळेना, नाही म्हणायचं ते म्हणून झालं, वर राग कसला?

नवव्या दिवशी पॅकिंगच्या कोरियन मावशी फोनवर लेकीशी बोलत होत्या, “ने, ने, ने,” आणि चेहरा हसरा. मी विचारलं, लेकीला एवढं नाही-नाही काय चाललंय? त्या म्हणाल्या, नाही कुठलं, मी हो म्हणतेय. मग मी त्यांना सगळं सांगून टाकलं. त्यांनी खोक्याला शांतपणे पट्टी लावली आणि म्हणाल्या, “सगळ्या जगाला विचारलंस. तिला विचारलंस का?”

विचारलं नव्हतं. गेलो. तिने दोरा तोडला, सुई खाली ठेवली.

“मी हो म्हणाले होते,” ती म्हणाली. “तू स्टूल घेऊन पळालास.”

ताई, मी तिथेच जमिनीवर बसलो. थोड्या वेळाने तीही बसली.

लग्न पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला, नोंदणीने. मोठ्यांना नमस्कार, लहानांना यातलं काही सांगू नकोस, हसतील.

तुझा,
धाकटा

ता. क. अप्पांना अजून कळवलेलं नाही. तू सांग. जेवण झाल्यावर सांग.

ता. क. २. तिला मी माझं वय बेचाळीस सांगून बसलो आहे. तू माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, म्हणजे लग्नापुरती पंचेचाळीसची. तुझं यात नुकसान काहीच नाही. फक्त नातवाला बरोबर आणू नकोस.