मॉनिटरवरची चिठ्ठी

शुक्रवार, दिवेलागण

आज पुन्हा नेटशी भांडण. काल कंपनीचा माणूस नवा राउटर लावून गेला, तेव्हापासून मोबाइलवर नेट येतंय आणि ह्यांच्या कॉम्प्युटरवर नाही. वायर काढून परत घातली. हिरवा दिवा लागतोय, मग अडलंय कुठे? त्यात ह्यांनी विंडोजऐवजी टाकलेलं ते लिनक्स. सोसायटीत ज्याला विचारावं तो म्हणतो, "काकू, विंडोज टाकून घ्या." का म्हणून?

शेवटी कळव्याला भावोजींना फोन केला. म्हणाले, "वहिनी, दादाने त्यात नेटचा नंबर स्वतः टाकलेला. तो जुन्या राउटरचा, नव्याला चालणार नाही. तो काढा आणि ऑटोमॅटिक करा, झालं."

झालं काय झालं? तोच नंबर ह्यांनी चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवलाय. खाली लिहिलंय, "सुमे, हा बदलू नकोस." मी उगाच इकडेतिकडे क्लिक करते म्हणून. हे गेल्यापासून दीड वर्ष मी त्या नंबराला हात लावला नाही.

"करते नंतर," म्हणून फोन ठेवला. कुकर लावला, कपड्यांच्या घड्या केल्या, परत येऊन बसले. नंबर पुसला. सेव्ह दाबलं. लगेच नेट आलं. इतकं लगेच, की रागच आला.

मग चिठ्ठी काढायला गेले. एक कोपरा सुटलाही. तो बोटाने दाबून परत चिकटवला. नंबर चालत नाही, ठीक आहे. पण मला सुमे म्हणणारं या घरात आता तेवढंच आहे.