डॉमनिकची डिस्क

९ सप्टेंबर, मंगळवार
मेलबर्नहून ग्रेस नावाच्या बाईचा मेल. डॉमनिक अ‍ॅडलेडला शिकत होता तेव्हा त्याने मित्रांच्या एका पिक्चरमध्ये पेट्रोल पंपावरच्या माणसाचं काम केलं होतं. तो पिक्चर आता ब्लू-रे डिस्कवर निघतोय. सोबत पुस्तिका, पोस्टर, मुलाखती, सगळा थाट. तेव्हा बघायला कुत्रंही फिरकलं नव्हतं, आता म्हणे कल्ट. घरच्यांकडून एखादा फोटो मिळेल का, विचारते.

रियाला दाखवला. तिला सगळं आधीच ठाऊक. "ममा, पीपल वेअर हिम ऑन टी-शर्ट्स." माझा भाऊ लोकांच्या छातीवर फिरतोय आणि मला ते माझ्या पोरीकडून कळतंय.

११ सप्टेंबर
मम्मीला सांगितलं. वाटलं होतं रडेल.
"त्यात बोलतो का तो?"
"बोलतो."
"मग मागव."
तिच्या जुन्या फोनबरोबर त्याचे सगळे व्हॉइस मेसेज गेले. तेव्हापासून घरात त्याचा आवाज नाही. म्हटलं, मारतात गं त्याला त्यात, फार वाईट मारतात. तर म्हणाली, "खोटं खोटंच ना?"

सहा वर्षं झाली. तिकडच्याच एका बीचच्या पार्किंगमध्ये गाडी, गाडीत फोन, डॉमनिक नाही. पोलिसांची फाइल अजून उघडीच. मम्मीच्या मते तो कुठेतरी आहे आणि आमच्यावर रुसलाय. माझ्या मते तो समुद्रात आहे. घरात हे कधी बोलले नाही, नवऱ्याजवळ, अ‍ॅल्विनजवळसुद्धा नाही.

१९ सप्टेंबर
हमरिया बंदरातल्या ऑफिसात आज नुसती मारामारी. तीन जहाजं, सगळ्यांच्या मालाच्या कागदांचे ड्राफ्ट एकदम. नाव बघ, स्पेलिंग बघ, वजन बघ, 'ओके, प्लीज प्रोसीड', पुढचा. त्यातच ग्रेसचा ड्राफ्ट, पिक्चरच्या शेवटी जी नावं येतात त्यांचा. आमचं आडनाव आजवर कुणी धड लिहिलेलं नाही. हिने लिहिलंय. तिलाही ओके करून टाकलं. जेवायला चार वाजले.

४ ऑक्टोबर
रियाने फोन पुढे धरला. डिस्कची जाहिरात. शेवटची चौकट काळी, पांढरी अक्षरं. इन मेमरी ऑफ, आणि खाली डॉमनिकचं पूर्ण नाव. स्पेलिंग अगदी बरोबर.

माझा मेल उघडला. ड्राफ्टमध्ये ते शब्द होतेच, नावापेक्षा मोठे. मी नाव वाचलं. वरचं वाचलंच नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका पकडायचा पगार घेते मी.

६ ऑक्टोबर
ग्रेसचं उत्तर. फार वाईट वाटतंय म्हणते. नेटवर सगळे तो गेला असंच लिहितात, म्हणून तिने धरलं. तरी खात्रीसाठी मला ड्राफ्ट पाठवला होता, मी हो म्हणाले. डिस्क छापून झाल्यात. भांडायलाही जागा नाही.

अ‍ॅल्विन म्हणतो, "शेवट लागायच्या आत बंद करायचं. खलास. आईंना कळणार कसं?" त्याला सगळं सोपं वाटतं. कधी कधी वाटतं याच्यासारखं डोकं मला द्यायला हवं होतं देवाने.

१४ ऑक्टोबर
डॉमनिकचा वाढदिवस. मम्मीने दरवर्षीसारखा केक आणायला लावला. मेणबत्त्या लावू देत नाही. त्या त्याने स्वतः फुंकायच्या. आम्ही चौघं केक खात बसलो. डिस्क कुरिअरमध्येच कुठेतरी हरवावी अशी प्रार्थना केली. असली प्रार्थना करणारी मी एकटीच असेन.

२४ ऑक्टोबर
डिस्क ऑफिसच्या पत्त्यावर आली. हरवली नाही. कव्हरवर तोच. रिया मैत्रिणीकडून गेमचं मशीन आणणार आहे, आमच्याकडे डिस्क लावायला काही नाहीच. मम्मीने उद्यासाठी केस धुतले.

२५ ऑक्टोबर, शनिवार
दुपारी जेवण उरकून बसलो. सुरुवातीचा अर्धा तास नुसता रस्ता आणि अंधार. मम्मी कंटाळली नाही. मग पंप आला आणि काचेमागे डॉमनिक. मोठ्या मापाचा युनिफॉर्म, बोलताना कान खाजवायची तीच सवय. मम्मी हसली. म्हणाली, "बारीक झालाय." मला तिथून उठून जावंसं वाटलं.

त्याला मारायला लागले तेव्हा रियाने पुढे ढकलायला रिमोट उचलला. "आय विल स्किप इट, आजी."
"नको. बघू दे."
बघितलं तिने. मी उशीकडे बघत होते. मरताना तो मराठीत प्रार्थना म्हणतो. घरी संध्याकाळी म्हणायचो तीच. हे कुणी सांगितलं नव्हतं. त्या ऑस्ट्रेलियन पोरांना काय कळणार तो काय म्हणतोय.

तो गेल्यावर मी म्हटलं, झालं, आता त्याचं काही नाही, बंद करूया. मम्मी म्हणाली, "नावं येऊ दे. त्याचं नाव बघायचंय मला." मी डोकं दुखतंय म्हटलं. "मग तू जाऊन पड." अ‍ॅल्विन माझ्याकडे बघतोय, रिया माझ्याकडे बघतेय. बंद करायची माझी हिंमत झाली नाही.

नावं आली. काळी चौकट आली. मम्मीचं इंग्रजी जेमतेम, पण हे तीन शब्द तिला वाचता येतात. पप्पांच्या स्मृतिकार्डावर आम्हीच छापले होते. ती उठली आणि भांडी घासायला गेली. घासलेलीच होती.

२६ ऑक्टोबर
चर्चमधल्या मिस्साहून येताना गाडीत मम्मीने विचारलं, "कधी सापडला?"
मी एसी वाढवला.
"तिथल्या लोकांनी छापलंय म्हणजे त्यांना माहीत असणार. असं उगाच कोण छापेल? तू मला त्रास नको म्हणून बोलली नाहीस. बरं केलंस."
घरी येऊन माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. सहा वर्षांत पहिल्यांदा. मी पाठीवर हात फिरवत राहिले.

२९ ऑक्टोबर
मम्मी काळ्या कपड्यांत. शेजारच्या बायका रोज संध्याकाळी रोझरीच्या प्रार्थनेला येतात. मम्मी जेवते, झोपते. इतकी शांत झोप तिला कधीपासून नव्हती. सकाळी फोन उशाशी नव्हता, पहिल्यांदाच.

रिया माझ्याशी बोलत नाही. आज एकच वाक्य, "यू हॅव टु टेल हर." काय सांगू? की कुणालाच काही माहीत नाही? की तिकडच्यांनी माझ्या शब्दावर छापलं, आणि ती त्यांच्या शब्दावर रडतेय? ते ऐकून ती परत दाराकडे कान लावून बसेल. आणि नाही सांगितलं तर? उद्या तो खरंच दारात उभा राहिला तर? नाही राहणार. मला माहीत आहे. मला काहीही माहीत नाही.

२ नोव्हेंबर, रविवार
मृतांचा दिवस. एवढी वर्षं या दिवशी पप्पांचं नाव द्यायचो, डॉमनिकचं कुणी काढलं तर मम्मी भडकायची. आज स्वतःच मला हाताला धरून चर्चमधल्या पॅरिशच्या ऑफिसात घेऊन गेली. डॉमनिकसाठी मिस्सा हवी, दरवर्षी, त्याच्या तारखेला.

फादर नवीन आहेत, तरुण, हिंदीत बोलतात. नाव लिहून घेतलं. "डेथ की डेट क्या लिखूं, आंटी?"
मम्मीने माझ्याकडे पाहिलं. "सांग गं. तुला ठाऊक आहे."
मी म्हटलं, मेलमध्ये आहे, बघून कळवते. फादरनी तेवढी जागा मोकळी सोडली.
गाडीत बसल्यावर मम्मी पट्टा लावत म्हणाली, "उद्या ऑफिसात गेल्या गेल्या बघ."